गावच्या अग्निशमन पथकासाठी निधी: आधी बंब की आधी अंगावरचं साहित्य?

हिशेबनीस
स्वयंसेवकांचं छोटं पथक आहे, १२ जणांचं. हाताशी एक पोर्टेबल पंप आणि जुने होस. साहित्यासाठी लोकांकडून निधी गोळा करायचा आहे, पण समितीत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, वापरलेला बंब घेऊ, बंब म्हटलं की लोक हात सैल सोडतात. दुसरे म्हणतात, आधी कोट-हेल्मेट-बूट. शिवाय एक मोठं दल जुने कोट आणि बीए सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा) फुकट द्यायला तयार आहे. आगी बहुतेक गवताच्या, वणव्याच्या, गंजीच्या, घराची क्वचित. यादी कशी ठरवायची आणि आकडा कसा काढायचा?

सक्शन
बंबाचा विषय आधी संपवू. जुना बंब म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. घ्यायचाच तर पंपाची चाचणी समोर करून घ्या: किती दाबाला किती लिटर देतो, आणि सक्शनचे, म्हणजे पाणी ओढायच्या बाजूचे, तोंड बंद करून प्रायमिंग केल्यावर (पंपातली हवा काढल्यावर) निर्वात किती वेळ टिकतो. निर्वात दाखवणारा काटा लगेच खाली आला तर कुठल्यातरी सीलमधून हवा शिरते आहे. असा पंप भरल्या टाकीवर छान चालतो आणि विहिरीवर नेला की पाणी उचलत नाही. उत्तम पंपसुद्धा प्रत्यक्षात ७ मीटरच्या आसपासच पाणी ओढतो, त्यामुळे तुमच्या पाणवठ्यांची उन्हाळ्यातली पातळी आधी मोजा. टाकीचा गंज, टायरचं वय (नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होऊन तडकतं) आणि सुटे भाग मिळतात का, हेही बघा.

तुमच्या आगी पाहता पिकअपवर बसणारा टाकी-पंप संच जास्त कामाचा. फक्त वजनाचं गणित चुकवू नका. १००० लिटर पाणी म्हणजे १ टन. त्यात टाकी, पंप, होस आणि माणसं धरली नाहीत तर गाडी वळणावर कलंडते. ४०० ते ५०० लिटर पुरे, आणि टाकीत आडवे पडदे हवेतच, नाहीतर अर्धी टाकी हिंदकळत राहते. हे पाणी कमी वाटेल, पण ३८ मिमीच्या होसवर मिनिटाला ४०० लिटर सोडले तर १००० लिटरही अडीच मिनिटांत संपतात. गवताच्या आगीला बारीक होस रील, मिनिटाला ५०-६० लिटर, आणि सोबत पाठीवरचे २० लिटरचे पंप व फायर बीटर (आग झोडपून विझवायचे लांब दांड्याचे झोडपणे). यादीतली सगळ्यात स्वस्त ओळ हीच आणि सगळ्यात जास्त वापरलीही हीच जाते.

कपलिंग
फुकटच्या सामानाबद्दल. ‘नको’ म्हणायला शिका, आणि ते लेखी नियमात लिहा म्हणजे देणाऱ्याला वाईट वाटत नाही.

कोट: आतल्या शिवणीवर उत्पादनाची तारीख असते. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकाप्रमाणे घराच्या आगीत घालायचा कोट-पँट संच तयार झाल्यापासून १० वर्षांनी बाद, वापरला असो वा नसो. मोठी दलं जे वाटतात ते बहुधा या मर्यादेला टेकलेलं असतं. लेबल नसेल तर घेऊच नका. बाहेरचं कापड ठीक दिसतं, पण उन्हाने अॅरामिड (आग सोसणारा) धागा कमजोर होतो आणि आतला ओलावा रोखणारा थर शिवणीत फाटलेला असतो. अस्तर उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय हा जाड कोट वणव्यात घालून दोन तास चढण चढलात तर आगीआधी उष्माघात गाठेल. तिथे एकपदरी वनवणव्याचा पोशाख हवा. तो वेगळा मागा.

बीए सेट: कॉम्पोझिट (वरून तंतू गुंडाळलेल्या, हलक्या) सिलिंडरचं आयुष्य बहुतेक १५ वर्षं आणि मधे साधारण दर ५ वर्षांनी जलदाब चाचणी. १३ वर्षांचे सिलिंडर फुकट मिळाले तरी चाचणीचा खर्च तुमचाच आणि दोन वर्षांनी भंगार.

होस: कपलिंगचा, म्हणजे होस जोडायच्या तोंडाचा, प्रकार शेजारच्या दलाशी जुळतो का? नाही जुळला तर मोठ्या आगीत दोन पथकं एकमेकांना पाणी देऊ शकत नाहीत. अॅडॉप्टर यादीत घाला, दोन जास्तीचे.

पावतीपुस्तक
आकडा काढायची पद्धत: वस्तूची किंमत + वाहतूक, कर + जोडसामान + पाच वर्षांची देखभाल. शेवटचं पद लोक गाळतात आणि तिथेच पथकं बुडतात. देणगीदार वस्तूला पैसे देतो, वार्षिक चाचणीला कुणी देत नाही. म्हणून ती मुळातच वस्तूच्या आकड्यात धरा आणि आवाहनात तसं उघड लिहा.

‘साहित्यासाठी मदत करा’ या आवाहनाला चिल्लर मिळते. ‘एका जवानाचा पूर्ण संच’ असं एकक करा: हेल्मेट, हूड (डोकं-मान झाकणारी टोपी), कोट, पँट, हातमोजे, बूट. १२ जण म्हणजे १२ चौकटींचा फलक, भरेल तशी चौकट रंगवा. पण मापं आधी घ्या. संच आल्यावर मापं घेणारी पथकं आहेत, आणि मग बूट कपाटात राहतात.

वेगळं बँक खातं, दोन सह्या, प्रत्येक मोठ्या खरेदीला तीन दरपत्रकं. आवाहनात एक वाक्य विसरू नका: ‘या वस्तूसाठी जास्त जमल्यास किंवा पुरेसं न जमल्यास रक्कम यादीतल्या पुढच्या वस्तूकडे वळवली जाईल.’ ते नसेल तर बंबासाठी अर्धवट जमलेले पैसे दुसऱ्या कशालाच वापरता येत नाहीत. वस्तूची मालकी कुणाची, पथकाची की ग्रामपंचायतीची, हेही खरेदीआधी ठरवा. विमा त्यावर अडतो.

हिशेबनीस
आभार. घराच्या आगीसाठी निदान दोन बीए सेट घेतले तर सुरुवात होईल ना?

कपलिंग
नाही. दोघे आत तर तयारीत दोघे बाहेर, म्हणजे ४ सेट आणि ४ राखीव सिलिंडर. शिवाय मुखवट्याची फिटिंग चाचणी प्रत्येकाची वेगळी. दाढी असेल तर कडेने गळतो. ६.८ लिटरचा ३०० बारचा सिलिंडर कागदावर पाऊण तासाचा, जोरात काम करताना त्याच्या निम्म्यावर येतो. भरणार कुठे? स्वतःचा कॉम्प्रेसर घेऊ नका. फिल्टर आणि हवेची तपासणी छोट्या पथकाला झेपत नाही. शेजारच्या दलाशी लेखी ठरवा. त्यांचा भरण्याचा दाब आणि व्हॉल्व्हचे आटे जुळतात का, ते आधी बघा. हे जमत नसेल तर यंदा घराला बाहेरूनच पाणी मारायचं असा नियम करा आणि बीए सेट यादीतून काढा.

सक्शन
असहमत नाही, पण यादीत ठेवून पुढच्या वर्षावर ढकला. वणव्याचा हंगाम सुरू व्हायच्या चार महिने आधी मागणी नोंदवा. मापाचे कोट शिवून यायला तेवढे लागतात.