७×५७ माउजर, जुनी स्पॅनिश रायफल: तिसऱ्या भरणीतच पुंगळीवर चकाकती रेघ

पेनसिल्व्हेनियाकर

नमस्कार मंडळी. रायफल स्पॅनिश मॉडेल १८९३, ओव्हिएदोची, आधीच्या कुणीतरी लाकूड तासून शिकारी घडणीची केलेली. नोव्हेंबरअखेरच्या हरणांच्या हंगामाआधी तिच्यासाठी ७×५७ ची (७ मिमीची गोळी, ५७ मिमीची पुंगळी) काडतुसं घरीच भरतोय. तीन अडचणी आहेत.

एक, तिसऱ्या भरणीनंतर पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) बुडापासून साधारण ७-८ मिमी वर गोल चकाकती रेघ दिसते. डाय (उडवलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) सोबतच्या कागदात सांगितल्याप्रमाणे शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवूनच बसवली आहे. दोन, १४० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं एकक) टोकदार गोळीचा १०० यार्डांवर ४ इंचांचा घोळका पडतो, म्हणजे भोकं एवढी पसरतात. तीन, बायकोला आणि सोळा वर्षांच्या मुलीला याच रायफलीने सराव करायचा आहे. ७×५७ चा धक्का मुळातच कमी, पण आणखी किती खाली जाता येईल? शिवाय अमेरिकन आणि युरोपियन भरणीच्या तक्त्यांमधले आकडे जुळत नाहीत, ते का?

पितळवाला

आधी रेघेचं बघा, बाकीचं नंतर. तोवर त्या पुंगळ्या वापरू नका.

कागदाची एक क्लिप सरळ करून तिचं टोक २ मिमी काटकोनात वाकवा आणि दगडावर घासून अणकुचीदार करा. पुंगळीत घालून भिंतीला टेकवत बुडाकडून वर ओढा. रेघेच्या जागी टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं, तर आतून पितळ पातळ झालंय. पुढच्या बाराला ती पुंगळी तिथूनच तुटेल, पुढचा भाग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) अडकून राहील आणि गरम वायू बोल्टकडे (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याकडे) येईल. एका पुंगळीत खाच सापडली की तितक्याच वेळा भरलेली सगळी पितळं मोडीत काढा.

हे का होतं? स्ट्रायकर, म्हणजे बार उडवणारी बोल्टमधली पिन, पुंगळीला पुढे ढकलतो. दाब चढला की पुढची पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटते, पण जाड बूड मागे सरकून बोल्टला टेकतं. मधलं अंतर भरून काढायला पितळ बुडाच्या जरा वर ताणलं जातं. डाय शेल होल्डरला टेकवली की पुंगळीचा खांदा (अंगापासून गोळी धरणाऱ्या मानेकडे निमुळता होणारा भाग) कारखान्याच्या किमान मापापर्यंत मागे जातो, आणि जुन्या लष्करी चेंबरची खोली त्याहून बरीच जास्त असते. म्हणजे प्रत्येक बाराला पुंगळी ताणली जाते आणि प्रत्येक भरणीत तुम्ही ती पुन्हा मागे दाबता. दारू कितीही कमी घातली तरी हे थांबणार नाही.

आता डाय अशी बसवा. शेल होल्डरपासून अर्धा फेरा वर घ्या. एक फेरा म्हणजे सुमारे १.८ मिमी. याच रायफलीत उडवलेली पुंगळी वंगण लावून दाबा आणि बोल्ट लावून बघा. मग डाय एक-सोळांश फेऱ्याने खाली आणत जा. गंमत अशी की सुरुवातीला बोल्ट आणखी घट्ट लागेल, कारण डायमध्ये अंग आवळलं जाताना खांदा आधी पुढे सरकतो. घाबरू नका, पुढे चला. बोल्ट अगदी हलकासा अडून बंद झाला की तिथेच डायची रिंग आवळा. कंपॅरेटर (खांद्यापर्यंतचं माप घेणारं साधन) असेल तर उडवलेल्या आणि दाबलेल्या पुंगळीच्या खांद्याच्या मापात ०.००१ ते ०.००२ इंचाचा फरक हवा. मोजण्यापूर्वी जुना प्राइमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) काढा, फुगलेला असला तर माप चुकतं.

या रायफलीबाबत दोन गोष्टी जपा. १८९३ चा बोल्ट पुढे ढकलताना स्ट्रायकरची स्प्रिंग ताणली जाते, त्यामुळे हाताला अडतंय ते पितळ की स्प्रिंग हे कळत नाही. स्ट्रायकर काढून मगच बघा. आणि पुंगळी मॅगझिनमधून वर येऊ द्या. थेट चेंबरमध्ये टाकली तर एक्स्ट्रॅक्टरचं (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचं) नख रिमवर अडतं आणि घट्टपणाचा खोटाच भास होतो.

नव्या पितळाला पहिल्याच बाराला ताण बसू नये म्हणून त्याची मान आधी ८ मिमीच्या एक्सपांडरवर (मान रुंदावणाऱ्या गोळ्यावर) रुंद करा. मग ७×५७ च्या डायमध्ये थोडी थोडी आवळत जा, बोल्ट हलकासा अडून बंद होईपर्यंत. मानेच्या बुडाशी एक छोटी पायरी राहते. तीच पुंगळीला मागे बोल्टला टेकवून धरते, आणि बार झाल्यावर खरा खांदा चेंबरच्या मापाने घडतो. दहा मिनिटांचं जास्तीचं काम आहे, पण पितळ कितीतरी जास्त भरण्या टिकतं.

ऑस्टिनचा_सातारकर

पितळवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याआधीची एक पायरी राहिली. हेडस्पेस गेज लावलेत का? म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातली खोली तपासणारी मापं: गो, त्याहून लांब नो-गो आणि सगळ्यांत लांब फील्ड. डायची युक्ती पितळ वाचवते, रायफल दुरुस्त करत नाही. बोल्ट फील्ड गेजवर बंद होत असेल तर रायफल गनस्मिथकडे न्या आणि भरणी थांबवा. बंद होत नसेल तर उडवलेल्या पुंगळीच्या खांद्याचं माप वहीत लिहून ठेवा आणि शंभर बारांनी पुन्हा घ्या. माप वाढत असेल तर लग्ज (बोल्ट अडकवून धरणारे दाते) रिसीव्हरमध्ये (बोल्टभोवतीच्या पोलादी सांगाड्यात) रुतताहेत. तसल्या रायफलीला भिंतीवर टांगायचं, दुसरा उपाय नाही.

दुसरं, नळीवरचा शिक्का वाचा आणि चेंबरचा साचा घ्या. या घराण्यातल्या काही स्पॅनिश रायफली नंतर ७.६२ मध्ये बदलल्या होत्या, त्यामुळे हाती आलेली ७×५७ च आहे असं गृहीत धरू नका. साच्यासाठी सेरोसेफ (कमी उष्णतेत वितळणारा मिश्रधातू) ओतलात तर मोजायची वेळ पाळा: आधी तो आकसतो, मग फुगतो, आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो.

तक्त्यांचं कारण तुमच्या हातातच आहे. काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या संस्थांपैकी अमेरिकेच्या सामीची दाबाची मर्यादा ५१,००० पीएसआय, युरोपच्या सीआयपीची ३९०० बार (हे दाबाचं एकक), म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआय. १८९३ आणि १८९५ च्या रायफली बाजारात भरपूर फिरतात म्हणून अमेरिकन आकडे हात राखून दिलेले असतात. १८९३ ला मॉडेल ९८ सारखा तिसरा सुरक्षा लग नाही आणि पुंगळी फुटली तर वायू वळवण्याची सोयही तितकी चांगली नाही. तेव्हा तुमच्यासाठी फक्त अमेरिकन तक्ता, आणि त्यातही सुरुवातीचा आकडा. ‘आधुनिक रायफलींसाठी’ असं लिहिलेलं पान उघडूच नका. दारूचं वजन तुमची गोळी आणि तुमची दारू ज्या कंपनीची, तिच्या चालू पुस्तिकेतूनच घ्या. इथेही कुणी आकडा टाकला तरी वापरू नका.

प्राइमर चपटा झाला एवढ्यावरून दाब ठरवू नका. हेडस्पेस जास्त असलं की सौम्य बारातही तो मागे येऊन चपटतो. बोल्ट उचलताना अडकणं, बुडावर चकाकता डाग, प्राइमरची खोबण सैल होणं ही खरी लक्षणं, आणि ती दिसेपर्यंत तुम्ही या रायफलीच्या मर्यादेपलीकडे गेलेले असता. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) वापरा. पुस्तिकेपेक्षा वेग जास्त आला तर दाबही जास्त आहे.

आता ४ इंचांचा घोळका. ही नळी १७३ ग्रेनच्या लांब, गोल नाकाच्या लष्करी गोळीसाठी कोरलेली आहे, आणि आटेही (नळीतल्या पीळदार खाचा) त्याच हिशोबाने २२० मिमीला एक फेरा. १४० ची टोकदार गोळी काडतुसाच्या ३.०६५ इंच कमाल लांबीत बसवली की आट्यांपर्यंत पोचायला तिला मोठी उडी मारावी लागते आणि ती थोडी तिरकी शिरते. गोळी पुढे काढून आटे गाठायचा मोह होईल, पण निदान एका व्यासाइतकी, म्हणजे ०.२८ इंच, ती मानेत हवीच आणि काडतूस मॅगझिनमध्ये मावायला हवं. त्यापेक्षा १७५ ग्रेनची गोल नाकाची गोळी घ्या. तिचा सरळ भाग लांब असतो, त्यामुळे उडी बरीच कमी होते. जंगलातल्या १०० यार्डांच्या हरणाला ती उत्तम. नळीचं तोंड झिजलेलं नाही ना आणि तासलेलं लाकूड नळीला एका बाजूने दाबत नाही ना, तेही बघा.

सरावशाळा

बायको-मुलीच्या सरावाबद्दल लिहितो.

८ पाउंडांच्या रायफलीत १४० ग्रेनची गोळी २६५० फूट वेगाने सुटली तर धक्का साधारण १३ फूट-पाउंड येतो. त्याच वजनाच्या .३०-०६ चा २० च्या वर. १२० ग्रेनची गोळी २१०० फुटांवर आणली की ७×५७ चा धक्का ६ च्या आसपास उतरतो. सोळा वर्षांच्या मुलीने वीस-पंचवीस बार केले तरी खांदा दुखणार नाही, आणि डोळे मिटायची सवय लागणार नाही. ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

यासाठी एच-४८९५ ही दारू घ्या. हॉजडन कंपनीचा स्वतःचाच नियम आहे: पुस्तिकेतलं त्या गोळीचं कमाल वजन घ्यायचं आणि त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली यायला हरकत नाही. हा नियम या दारूपुरताच. मंद जळणारी बॉल (गोलसर दाण्यांची) दारू अशी कमी करायला गेलात तर दाब अचानक भलताच चढल्याची उदाहरणं आहेत.

धोका दुसरीकडे आहे. पूर्ण भरणीत चुकून दुप्पट दारू पडली तर ती मानेतून बाहेर सांडते आणि लगेच कळतं. साठ टक्क्यांची दुप्पट या पुंगळीत जेमतेम का होईना, मावू शकते. म्हणून पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करा, सगळ्यांत दारू घाला, आणि एकही गोळी बसवण्याआधी टॉर्च धरून ओळीओळीने पातळी बघा. एखादी उंच किंवा रिकामी दिसली तर ती ओतून पुन्हा तोला. टेबलावर दारूचा एकच डबा उघडा ठेवायचा. आणि सरावात एखादा बार फुसका वाटला तर थांबा, अर्धा मिनिट रायफल लक्ष्याकडेच धरून ठेवा, मग बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. गोळी आत अडकलेली असताना पुढचा बार झाला तर नळी फुगते किंवा फुटते.

पुण्याचा_नेमबाज

कॉर्बेटसाहेबांची .२७५ रिग्बी म्हणजे हेच काडतूस ना? आणि इथे भारतात हे असं भरता येईल का?

ऑस्टिनचा_सातारकर

हो, हेच. .२७५ हे आट्यांच्या माथ्यावरून घेतलेलं माप, गोळी मात्र .२८४ चीच. १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारल्यावर त्यांना ती रायफल भेट मिळाली होती. भारतात दारूगोळा तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही बंद आहे. तिथे घरी भरायचं नाही.

पेनसिल्व्हेनियाकर

गेज लावलं. नो-गोवर बोल्ट बंद होतो, फील्डवर होत नाही. शिक्का आणि साचा दोन्ही ७×५७ चेच. उडवलेल्या आणि दाबलेल्या पुंगळीत ०.०११ इंचाचा फरक निघाला. १२ पैकी ७ पुंगळ्यांत क्लिप अडकली, सगळ्या १२ मोडीत काढल्या.

पितळवाला

०.०११ म्हणजे रेघ येणारच होती. नवं पितळ पायरी करूनच उडवा आणि डाय हलवू नका. प्रत्येक भरणीनंतर पुंगळीची लांबी मोजा, २.२३५ इंचांच्या वर गेली की २.२२५ वर कापा आणि तोंडाची धार आतून-बाहेरून काढा. पाच भरण्यांत पुंगळी जेमतेम वाढली, तर डाय जागेवर बसली असं समजा.