शब्दचर्चा: ‘टॉक्सिसिटी’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

शरयू
अन्नातल्या आणि रोजच्या वापरातल्या रसायनांवरच्या लेखांत ‘टॉक्सिसिटी’साठी विषारीपणा, विषाक्तता, विषालुता असे तीन शब्द दिसतात. ‘विषाक्तता’ हिंदीतून आलेला वाटतो. कोणता घ्यावा? आणि ‘अ‍ॅक्यूट टॉक्सिसिटी’ला ‘तीव्र विषारीपणा’ चालेल का?

रसशाळा
विषाक्त हिंदीत रुळला असला तरी शब्द जुना संस्कृत आहे. विष + अक्त. अक्त म्हणजे माखलेला. अमरकोशात ‘विषाक्ते दिग्धलिप्तकौ’ येते ते विष माखलेल्या बाणाबद्दल. ‘टॉक्सिक’चे मूळही तिथेच पोचते: ग्रीक ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य आणि ‘तोक्सिकोन’ म्हणजे बाणाला लावायचे विष. दोन्ही भाषांना बाणच आठवला!

म्हणून विष बाहेरून लागले किंवा मिसळले असेल तिथे विषाक्त चपखल बसतो. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट घातलेली हळद विषाक्त; लेड क्रोमेट स्वतः विषारी. पदार्थाच्या अंगच्या गुणाला ‘विषारीपणा’ हा साधा शब्द पुरतो. विषालुता मला अडखळवतो.

पानमळा
‘तीव्र’ मात्र टाळाच. मराठी वाचक तीव्र म्हणजे जोरदार असे समजतो. इथे मुद्दा जोराचा नसून वेळेचा आहे: एकदाच किंवा थोड्या अवधीत पोटात गेल्यावर लगेच दिसणारा परिणाम. ‘तत्काळ विषारीपणा’ आणि त्याच्यासमोर ‘दीर्घकालीन विषारीपणा’ अशी जोडी ठेवा. शिसे रोज थोडे थोडे गेले तर उलटी-जुलाब काही होणार नाहीत. ते हाडांत साठत राहते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. ‘तीव्र विषारीपणा नाही’ असे छापले की लोक ते ‘फारसे विषारी नाही’ असे वाचतात.

कीटकनाशकांच्या डब्यावरचा त्रिकोण हे याचेच उदाहरण. त्याचा रंग एलडी-५० वर, म्हणजे प्रयोगातले निम्मे प्राणी मारणाऱ्या मात्रेवर ठरतो. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. आकडा जितका लहान तितके विष जहाल. हे उलटे समजण्याची चूक फार होते. शिवाय हा सगळा हिशोब तत्काळ परिणामाचा आहे. हिरव्या त्रिकोणाचे औषध वर्षानुवर्षे अंगावर उडाले तर काय, याचे उत्तर त्या त्रिकोणात नाही.

शरयू
एलडी-५० ला ‘मध्यम घातक मात्रा’ लिहिलेले पाहिले आहे.

पानमळा
चूक. त्याचा अर्थ ‘बेताची घातक’ असा होतो. इथे संख्याशास्त्रातला मध्यक आहे: ज्या मात्रेने प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात ती. ‘मध्यक मारक मात्रा’ लिहा, किंवा सरळ ‘निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा’.

रसशाळा
खरा घोळ ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’मध्ये होतो. दोन्हींना ‘धोका’ म्हटले की चर्चाच संपते. पहिल्याला अपायकारकता म्हणा: हा पदार्थ अपाय करू शकतो का? दुसऱ्याला जोखीम: माझ्या पोटात जातो तेवढ्याने अपाय होण्याची शक्यता किती? जोखीम म्हटले की ‘जोखणे’ कानात वाजते, आणि इथे जोखायचेच तर असते.

जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीच्या पदार्थाच्या बातम्यांत हेच झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २-बी म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातले. ती अपायकारकतेची प्रतवारी. त्याच वेळी अन्नातल्या मिश्रकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. ते जोखमीचे उत्तर. ७० किलोच्या माणसाला २८०० मिलिग्रॅम. शीतपेयाच्या एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम धरले तर दिवसाला ९ ते १४ डबे. पण १५ किलोच्या मुलाला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीनच डबे. ही दुसरी ओळ बातमीत यायलाच हवी.

आणि त्या संस्थेच्या २-ए, २-बी या दोन्ही गटांना ‘संभाव्य कर्करोगकारक’ म्हणू नका. २-ए ला ‘बहुधा’, २-बी ला ‘कदाचित’. आपल्याकडे हे शब्द तयार आहेत.

उखळ
‘मिलिग्रॅम प्रतिकिलो’ लिहिताना किलो कशाचा ते लिहाच. एक किलो अन्नाचा, दुसरा शरीराचा. समजा खाऊत २० मिलिग्रॅम प्रतिकिलो रंग आहे. १५ किलोच्या मुलाने १५० ग्रॅम खाऊ खाल्ला तर ३ मिलिग्रॅम रंग पोटात गेला, म्हणजे शरीराच्या किलोमागे ०.२. मर्यादेशी तुलना या ०.२ ची, २० ची नाही. शंभरपट चूक सहज होते.

‘डोस’ला मात्रा हाच शब्द ठेवा. बाळगुटीचे ‘वेढे’ ही आपली घरगुती मात्राच, पण सहाणेचा खरखरीतपणा आणि हाताचा दाब बदलला की वेढ्यातले वजन बदलते. गुटीतल्या वेखंडात बीटा-असॅरोन हे अपायकारक रसायन असते आणि अमेरिकेत १९६८ पासून वेखंड अन्नात घालायला बंदी आहे. अशा पदार्थाला ‘एक वेढा’ हे माप पुरत नाही.

शरयू
शेवटचे एक. ‘नोएल’ला (नो ऑब्झर्व्ड अ‍ॅडव्हर्स इफेक्ट लेव्हल) ‘निरुपद्रवी मात्रा’?

रसशाळा
नको. ‘अपाय न दिसलेली सर्वोच्च मात्रा’. न झालेली नव्हे, न दिसलेली. प्रयोगात किती उंदीर होते, काय तपासले, यावर ते दिसणे अवलंबून असते. म्हणूनच रोजची मर्यादा काढताना तिला सहसा १०० ने भागतात: प्राण्यापासून माणसापर्यंत १०, माणसामाणसांतल्या फरकाचे १०. अ‍ॅस्पार्टेमचे ४० असेच आले, उंदरांवरच्या ४००० वरून.