बी.कॉम. झाल्या झाल्या एमबीए करावं का? सीट मिळाली आहे, कामाचा अनुभव काहीच नाही

रामबागकर
नमस्कार. मी इंदूरची, घर रामबागेत. यंदा बी.कॉम. संपतंय, शेवटचे दोन पेपर राहिलेत. नोव्हेंबरात कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा दिली, ८६ पर्सेंटाइल आले. एवढ्यावर आयआयएम मिळणार नाही हे माहीत होतं, पण बाहेरगावच्या एका खाजगी संस्थेत पीजीडीएमची, म्हणजे एमबीएसारख्याच अभ्यासक्रमाची सीट मिळाली आहे. दोन वर्षांची फी १० लाख, होस्टेल वेगळं. सीट धरायला पुढच्या शुक्रवारपर्यंत ५० हजार भरायचे आहेत.

दुसरीकडे पलासियाला एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्सची नोकरी मिळते आहे, महिना १६ हजार. टॅली, जीएसटी रिटर्न, बँकेचे मेळ घालणं, असलं काम.

बाबा म्हणतात, शिकायचं वय हेच, एकदा पगाराची सवय लागली की पुस्तक सुटतं. आई काही बोलत नाही. पण परवा रात्री पाणी प्यायला उठले तर ती एफडीच्या पावत्या पलंगावर मांडून, भावाच्या वहीच्या मागच्या पानावर बेरीज करत बसली होती. मला पाहून तिने वही मिटली. तेव्हापासून मला धड झोप नाही. भाऊ अकरावीत आहे, त्याचंही पुढे सगळं व्हायचंय.

नोकरी न करता थेट एमबीए केलेल्यांनी सांगा, हाती काय लागलं?

सियागंजचा दादा
अगं, आईच्या पावत्यांचं वाचलं आणि लिहायला बसलो. मी २०१२ साली अगदी हेच केलं होतं. बी.कॉम.चा निकाल लागला आणि दीड महिन्यात एमबीएच्या वर्गात. कॉलेजचं नाव नको. साठ जणांच्या वर्गात आधी नोकरी केलेले चारच होते.

पहिल्या सेमिस्टरला वर्किंग कॅपिटल शिकवलं, म्हणजे धंद्यात रोज अडकून राहणारं खेळतं भांडवल. येणी अधिक माल, वजा देणी. सूत्र पाठ केलं, गणितं सोडवली, मार्कही चांगले पडले. दोन वर्षांनी प्लेसमेंट मिळाली ती एका वितरकाकडे. पद होतं मॅनेजमेंट ट्रेनी, काम सियागंजात दुकानोदुकानी फिरून ऑर्डर घेण्याचं. माझ्यावरचा मुलगा नुसता बी.कॉम. होता, वयाने माझ्याएवढाच. मी वर्गात होतो ती दोन वर्षं त्याने बाजारात काढली होती.

तिथे एका ठोक किराणा व्यापाऱ्याने एकदा त्याची उधारीची लाल वही उघडून दाखवली. महूच्या एका दुकानदाराचं पान. रकमा, प्रत्येक रकमेपुढे तारीख, आणि काही तारखांभोवती पेन्सिलीचा गोल. गोल कशाचा, मी विचारलं. म्हणाला, "साठ दिन के ऊपर वाले. माल उसके यहाँ बिक गया, ब्याज मैं भर रहा हूँ." त्याने बँकेची कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा पूर्ण वापरली होती आणि तो रोज त्यावर व्याज मोजत होता. उभ्या उभ्या मला वर्किंग कॅपिटल समजलं. आमचे सर चांगले होते गं. त्या एका मिनिटात त्यांना विचारण्यासारखे दहा प्रश्न सुचले, पण त्यांचा तास होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आधी काम कर. निदान दीड-दोन वर्षं.

आता पैशाचं. १० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी, ७ वर्षांचं धर. हप्ता सुमारे १६,९०० रुपये. पण शिकताना आणि त्यापुढे बहुतेक सहा महिने ते वर्षभर हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. अर्धी फी पहिल्या वर्षी, अर्धी दुसऱ्या वर्षी उचलली आणि वर्षाची पूर्ण सवलत घेतली, तर तोवर अडीच लाखांच्या वर व्याज चढतं. ते मुद्दलात गेलं की हप्ता २१ हजारांवर पोचतो. व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, ती जुन्या कररचनेतच. माझा पहिला पगार हातात किती येत होता ते आठवलं की हा हप्ता मला झेपलाच नसता.

संस्थेला फोन करून तीन गोष्टी विचार. पगाराची सरासरी नको, मीडियन सांगा, म्हणजे सगळे पगार ओळीने लावले की बरोबर मधला येतो तो. बॅचमध्ये किती मुलं होती आणि त्यातल्या कितींना कॉलेजमधून नोकरी लागली. आणि प्लेसमेंटचा अहवाल बाहेरच्या कोणी तपासला आहे का. एका मुलाला तीस लाखांचं पॅकेज मिळालं की सरासरी लगेच वर जाते, मीडियन जागचा हलत नाही.

पीथमपूरची एचआर ताई
मी चौदा वर्षं कारखान्यांत भरती करते. दादांचं बरंचसं पटतं, पण एक सांगते. १६ हजारांची ती नोकरी आपोआप अनुभव ठरत नाही. दोन वर्षं नुसती बिलं टॅलीत चढवलीस तर माझ्यासमोर बसून तू काय सांगणार? आधीच सीएंना विचारून घे, की सहा महिन्यांनी ग्राहकांशी बोलायला मिळेल का, येण्यांची वयवार यादी, म्हणजे कोणाची उधारी किती दिवस थकली आहे ती यादी करायला मिळेल का.

मुलाखतीत मी एमबीएवाल्या सगळ्यांना एकच विचारते, तुमच्यामुळे कुठे काय बदललं? थेट आलेली मुलं समर इंटर्नशिपचा प्रोजेक्ट पाठ म्हणून दाखवतात. मागे एक मुलगी आली होती, आधी अकरा महिने ट्रान्सपोर्टवाल्याकडे काम केलेली. रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांना तिने भाडं कसं मिळवलं ते कागदावर काढून दाखवलं. पहिल्या पाच मिनिटांत माझा निर्णय झाला होता.

आणि संस्थेला एआयसीटीईची, म्हणजे असे अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या सरकारी परिषदेची मान्यता आहे का ते बघ. पीजीडीएम ही पदवी नाही, पदविका असते. चांगल्या संस्थांच्या पदविकेला मान आहे, पण मान्यता तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.

राऊ रोड
मी थोडं उलट सांगतो. मी स्वतः कुठेही नोकरी न करता आयआयएम इंदूरच्या पीजीपीला गेलो, त्याचा पश्चात्ताप नाही. तिथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अनुभवाची अट नाही, आणि पहिल्या फळीतल्या संस्थांत कंपन्या नवख्या मुलांनाही घ्यायला येतात. फी वीस लाखांच्या वर आहे, तरी तिथे थेट जाणं परवडतं. दुसऱ्या-तिसऱ्या फळीत मात्र हे गणित बसत नाही.

तेव्हा ८६ वर थांबू नकोस. कॅटचा स्कोर एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतो, पुन्हा द्यावीच लागेल. तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. नोकरी सांभाळून पहाटे दोन तास दिलेस तर पुष्कळ. बऱ्याच आयआयएममध्ये इंजिनीअर नसलेल्यांना आणि मुलींना निवडीत थोडे जास्तीचे गुणही मिळतात. आणि आपल्या इंदूरच्या विद्यापीठाचा एमबीएचा विभाग, आयएमएस, विसरू नकोस, घरून जाता येईल आणि फी या १० लाखांच्या जवळपासही नाही.

रामबागकर
तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल संस्थेला फोन केला. मीडियन विचारला तर मॅडमनी सर्वात मोठं पॅकेज सांगितलं. पुन्हा विचारलं, तेव्हा मेल करतो म्हणाल्या. संध्याकाळी मेल आली, त्यात कंपन्यांच्या लोगोंचं एक पान आणि ५० हजार भरायची लिंक. आकडा एकही नाही.

आज सकाळी बाबांना दादांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "२१ हजार? आपलं घर त्याच्यापेक्षा कमीत चालतं." पैसे भरणार नाही असं ठरलं.

दुपारी पलासियाला जाऊन आले. ताईंनी सांगितलेलं विचारलं. सर म्हणाले, पहिले तीन महिने फक्त जीएसटी, नंतर एका टाइल्सवाल्याची येणी तुझ्याकडे देतो, तो फार रडवतो. मी हो म्हटलं. सोमवारपासून जायचंय. ऑगस्टच्या सुमारास कॅटचे फॉर्म निघतील, तेव्हा पुन्हा भरेन.

आईने पावत्या रबरबँड लावून कपाटात ठेवल्या. दादा, तुमच्या व्यापाऱ्याची ती पेन्सिलीच्या गोलांची पद्धत मी टाइल्सवाल्याच्या खात्यावर लावून बघणार आहे. साठ दिवस घेऊ की तीसवरच गोल करू, ते सांगाल?