थांबवता न येणारा खेळ

एका ताईंची तक्रार वाचली: नवरा मोबाइलवर गेम खेळत असतो आणि जेवायला हाक मारली की म्हणतो, 'आत्ता थांबवता येत नाही'. ताई, तो थाप मारत नाहीये. बीजीएमआय या मोबाइलवरच्या ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये एका मॅचला शंभरेक जण उतरतात, अर्धा तास सहज जातो आणि पॉजचं बटणच नाही. मध्येच उठलं की स्क्वॉडमधले, म्हणजे चौघांच्या टीममधले, बाकीचे तिघे वाऱ्यावर. आमच्याकडेही यावरून बरीच भांडणं झाली. आता कुकर चढवतानाच मी ओरडून सांगते, मग माझा नवरा पुढची मॅच लावत नाही. (कधीकधी लावतो. मग भात गार.)

गेममुळे माणसं दुरावतात हे मात्र मला सरसकट पटत नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओगेममध्ये कॅसेट घालून मी आणि दादा कॉन्ट्रा हा दोघांनी मिळून खेळायचा बंदुकांचा गेम खेळायचो. धबधब्याच्या लेव्हलला एक जण घाईने वर चढला की खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरायचा. दादा हे मुद्दाम करायचा, आणि स्वतःची लाइफ संपली की माझ्यातली उचलायचा! त्यावरून मारामाऱ्या झाल्या, पण एकाच सतरंजीवर, आईच्या डोळ्यांदेखत.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून मी आणि नागपूरहून दादा रोज रात्री लुडो खेळायचो. एरवी आमचा फोन दिवाळीला आणि भाऊबीजेला. त्याला 'काय चाललंय' विचारलं की 'ठीक' एवढंच उत्तर येतं. सोंगटी मारली की मात्र तासभर बोलतो.

ताई, तुम्ही स्वतः कधी नवऱ्याबरोबर खेळून पाहिलंय का?