घरच्या सर्व्हरसाठी कोणतं मशीन घ्यावं? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

घरी एक छोटा सर्व्हर उभा करायचा आहे. आईच्या कपाटातून आणलेल्या २६ मिनीडीव्ही (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या) कॅसेट आहेत, आजीचं सहस्रचंद्रदर्शन आणि मावशीचं सांगलीतलं लग्न त्यांतच आहे. इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, आमच्या १५ वेगळ्या, बऱ्याचशा मंडळाच्या गणपतीतल्या मुलांच्या नाटुकल्यांच्या. शिवाय वीस वर्षांचे फोटो, दीडेक टीबी. आजी आता नाही, त्यामुळे तिचा आवाज असलेली ती एक कॅसेट माझ्यासाठी सगळ्यांत मोलाची.

हे टीव्हीवर बघता यावं आणि पुण्यात आईलाही फोनवर दिसावं, एवढीच इच्छा. जुना गेमिंग डेस्कटॉप पडून आहे, तो वापरू? रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक घेऊ? की चार डिस्कांचा तयार डबा? १६ टीबीच्या चार डिस्क घेऊन टाकू, असं घरातून सुचवलं जातंय.

(फ्रीमाँट)

---

ताई, नमस्कार.

खरेदीआधी मोजदाद करा. मिनीडीव्हीची तासाभराची कॅसेट मूळ दर्जात उतरवली की साधारण १३ जीबी होते. ४१ कॅसेट म्हणजे साडेपाचशे जीबीच्या आत. फोटो धरून जेमतेम दोन टीबी. ८ टीबीच्या दोन डिस्क, एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर, एवढं तुम्हाला कित्येक वर्षं पुरेल.

जुना डेस्कटॉप चालेल, पण वीज बघा. वर्षभर अखंड चालणारा एक वॉट म्हणजे पावणेनऊ युनिट. तो डेस्कटॉप नुसता बसून ७० वॉट खात असेल तर सव्वासहाशेच्या आसपास युनिट होतील. माझ्या बिलात युनिट ४० सेंटला पडतं, म्हणजे वर्षाला अडीचशे डॉलर नुसते तो चालू ठेवायला. इंटेल एन१०० चिपचं छोटं मशीन दोन डिस्कांसकट वीस-पंचवीस वॉटमध्ये भागवतं.

पाय ५ मला आवडतो, पण या कामाला नको. डीव्हीचं चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं) असतं आणि टीव्ही किंवा फोन ती फाइल बहुधा थेट वाजवत नाहीत. सर्व्हरला ती चालता चालता बदलून द्यावी लागते. पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलच्या चिपमधला क्विक सिंक हा व्हिडिओसाठीचा खास भाग हेच काम न दमता करतो, आणि घरचे व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणाऱ्या जेलीफिन या सॉफ्टवेअरमध्ये तो फुकट वापरता येतो. ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीच्या आय५चा सेकंडहँड डेस्कटॉप मिळाला तर तोही उत्तम. त्यात निदान खऱ्या साटा जोडण्या (डिस्क थेट मदरबोर्डला जोडायच्या) असतात. एन१०० घेताना मात्र दोन साटा पोर्ट आणि साडेतीन इंची डिस्क बसेल एवढी जागा आहे ना, ते नक्की पाहा. कायमची डिस्क यूएसबीवर लटकवू नका.

डिस्क सीएमआर प्रकारचीच घ्या, तिच्यात माहितीचे चुंबकीय पट्टे सुटे असतात. एसएमआर या दुसऱ्या प्रकारात ते कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, तसंच इथे लिहिताना होतं. एक डिस्क गेल्यावर नवीवर सगळं पुन्हा उतरवताना हे फार नडतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, त्यानंतर सीएमआरवाल्यांना रेड प्लस हे नाव मिळालं. खोक्यावरचं नाव नीट वाचा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दोन डिस्कांवर एकच मजकूर असणं म्हणजे बॅकअप नव्हे. माझ्या हातून मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फोटोंचा फोल्डर पुसला गेला, आणि तो दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी गेला. थोडे फोटो नातेवाइकांच्या फोनमधून गोळा झाले, बाकीचे नाहीत. तेव्हापासून झेडएफएस या फाइल सिस्टिमवर रोज रात्री स्नॅपशॉट घेतो, म्हणजे त्या क्षणीच्या फाइली जशाच्या तशा जपून ठेवतो. प्रोसेसरवर कमी खर्च करा, पण तिसरी डिस्क घ्या आणि ती घराबाहेर ठेवा.

(सनीवेल)

---

दादांचं अगदी बरोबर. आमची तिसरी डिस्क कोथरूडला बहिणीकडे असते. अडीच इंची, यूएसबीवरच चालणारी, त्यामुळे अडॅप्टरची कटकट नाही. अशा डिस्क बहुतेक एसएमआर असतात, पण वर्षातून एकदा लिहून कपाटात ठेवायला तेवढी चालते. दिवाळीला जाताना नवी प्रत हातातल्या बॅगेत नेते आणि जुनी परत आणते.

आणि अगं, कॅसेटचं बघ आधी! मशीन पुढच्या महिन्यात घेतलंस तरी चालेल, टेप मात्र दरवर्षी खराब होत जाते. तुझ्या आईकडच्या २६ पाल या भारतातल्या व्हिडिओ पद्धतीच्या असणार, इथल्या एनटीएससी या अमेरिकी पद्धतीच्या. इथला कॅमेरा बहुधा भारतातल्या वाजवणार नाही. माझ्याकडे पुण्याहून आणलेला कॅमेरा आहे, आणि फायरवायर (कॅमेऱ्यातून व्हिडिओ संगणकात घ्यायची जुनी जोडणी) कार्ड लावलेला जुना डेस्कटॉपही. नव्या मशीनवर ते पोर्ट शोधत बसू नकोस.

(सॅन होजे)

---

काकू, दादा, मनापासून आभार.

चार डिस्कांचा बेत रद्द. एन१००, ८ टीबीच्या दोन सीएमआर, आणि आईकडे ठेवायला एक छोटी डिस्क. जानेवारीत पुण्याला जातेय, तेव्हा ती नेईन. बाहेरून घरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी व्हावी, म्हणून आईच्या फोनवर टेलस्केल हे खाजगी नेटवर्कचं ॲप घालून देणार आहे.

काकू, शनिवारी मराठी शाळा सुटल्यावर येऊ का? सहस्रचंद्रदर्शनाची कॅसेट एकटीच आणते, आधी ती उतरवू. बाकीच्या नंतर.

(फ्रीमाँट)