फर्मवेअर 'फ्लॅश' करणे: टाकणे, मारणे की चढवणे?

सोल्डरगन: पदविकेच्या मुलांसाठी ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची मराठी पुस्तिका लिहितोय. त्यात 'फ्लॅश होत नसेल तर' असं एक प्रकरण आहे. परवा एका मुलीला विचारलं, "फ्लॅश होतंय का?" ती म्हणाली, "हो सर, होतंय." बोर्डावरचा निळा दिवा लुकलुकत होता, त्यावरून तिने सांगितलं. स्क्रीनवर मात्र 'कनेक्टिंग'पुढे ठिपके सरकत सरकत शेवटी टाइमआउट आलेला. चूक तिची नाही. दिवा फ्लॅश होतो, मेमरीचं नाव फ्लॅश, आणि तिच्यात फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, घालणं म्हणजेही फ्लॅश. या घालण्याला मराठीत रुळलेलं क्रियापद कोणतं? मी 'टाकणे' लिहिलं होतं. सहकारी म्हणाले, टाकतात तो कचरा.

चौकातलं दुकान: मोबाइल दुरुस्तीत आम्ही 'मारणे'च म्हणतो. "फोन अडकतोय, सॉफ्टवेअर मारून द्या," असं गिऱ्हाईकही म्हणतं. शिक्का मारतात, रंग मारतात, तसंच हे.

शब्दवेल्हाळ: पुस्तिकेत 'मारणे' नको. सॉफ्टवेअरला 'आज्ञावली' म्हणता येतं, तर याला 'रोपण' का नाही? 'दिनांक', 'महापौर' हे सावरकरांनी दिलेले शब्द आज कुणाला परके वाटतात?

चौकातलं दुकान: 'दिनांक' अर्जावर छापलेला असतो म्हणून लिहितो. बोलताना 'तारीख'च येते ना? मुलं उद्या दुकानात काम शिकायला येतील तेव्हा त्यांना 'मारणे'च ऐकू येणार आहे.

जुना रेडिओवाला: मूळ शब्दच लिहिण्याचा नाही, पुसण्याचा आहे. तोशिबात फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी शोधली, १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. सहकारी शोजी आरिइझुमी यांनी 'फ्लॅश' नाव सुचवलं, कारण सगळं एकदम पुसलं जाणं त्यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं. आजही या मेमरीत लिहिताना बिटच्या १ चा ० होतो. ० चा पुन्हा १ हवा असेल तर पुसावंच लागतं, आणि तेही या बोर्डावर कमीत कमी ४ केबीचा तुकडा एकदम. म्हणून मी शिकवताना 'पाटी पुसून लिहिणे' म्हणायचो.

शब्दवेल्हाळ: पाटीवरचं एकच अक्षरही बोटाने पुसता येतं. 'सारवणे' जास्त जवळचं आहे. अंगण सारवलं की कालची रांगोळी सगळी जाते, मग नवी काढायची.

तरवा: मी रोज हेच काम करते. आमच्याकडे 'चढवणे' म्हणतात. सलाइन चढवतात, रक्त चढवतात, तसं. पण सरांचा प्रश्न 'होत नाही'चा आहे, आणि न होणं तीन वेगळ्या जागी असतं.

पहिलं, 'लागत नाही'. फोन लागत नाही तसं. केबल नुसती चार्जिंगची असली, आत डेटाच्या तारा नसल्या, तर दिवा पेटतो पण संगणकावर बोर्डाचा पोर्ट दिसत नाही. पोर्ट दिसतोय आणि ठिपकेच येतायत, तर चिप डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे फर्मवेअर घ्यायच्या तयारीत, गेलेली नाही. ठिपके चालू असताना बूटचं बटण दाबून धरायचं. तुमच्या त्या मुलीचं हेच झालं असणार.

दुसरं, 'चढत नाही'. लागतं, पण मध्येच तुटतं. तेव्हा डेटा पाठवायचा वेग (बॉड रेट) ९२१६०० वरून ११५२०० वर आणून बघायचा.

तिसरं, 'उठत नाही'. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. फर्मवेअर पूर्ण चढलं होतं. नंतर मेमरी कार्डाचं मॉड्यूल जोडलं, आणि स्क्रीनवर 'फ्लॅश रीड एरर'च्या ओळी वाहायला लागल्या. मॉड्यूलची एक तार पिन १२ वर होती. चालू होताना ही पिन वर ओढलेली (म्हणजे 'हाय', तिच्यावर व्होल्टेज) असेल तर चिप फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते, आणि बोर्डावरच्या फ्लॅशला ते पुरत नाहीत. तार काढली, बोर्ड उठला.

सोल्डरगन: ताई, तिन्ही क्रियापदं पुस्तिकेत घेतो. मुलं मात्र तिन्हींना 'बोर्ड मेला' म्हणतात.

जुना रेडिओवाला: ते थांबवा सर. डाउनलोड मोड सांभाळणारा प्रोग्रॅम चिपच्या रॉममध्ये कायमचा असतो, तो पुसता येत नाही. चुकीचं फर्मवेअर चढलं म्हणून हा बोर्ड मरत नाही. 'बेशुद्ध' म्हणा. मेला म्हटलं की मूल पुढे काही करूनच बघत नाही, बोर्ड डब्यात जातो. मी असे डबे पाहिलेत.

चौकातलं दुकान: पटलं. आम्हीही 'डेड' म्हणून घेतो आणि चालू करून देतो.

संत्रानगरी: 'लागत नाही' पुण्याकडे. आमच्या नागपुरात मुलं 'बोर्ड लागून नाही राहिला' म्हणतील, आणि तेच जास्त नेमकं आहे. ठिपके येत असताना प्रयत्न चालूच असतो ना?

शब्दवेल्हाळ: ही हिंदीची वाक्यरचना आहे. 'लग नहीं रहा'वरून आलेली. पुस्तिकेत तरी प्रमाण मराठी असावी.

संत्रानगरी: माझ्या आजीला हिंदी धड बोलता येत नव्हतं, आणि ती "पाऊस येऊन राहिला" म्हणायची. हे आमचं मराठीच आहे. पुस्तिका विदर्भातही जाणार असेल, तर आमच्या मुलांनी कुठलं मराठी वाचायचं?

तरवा: कोकणात आम्ही आणखी तिसरंच म्हणतो. पण सर, तिने बूटचं बटण दाबून पाहिलं का?