लग्न नाही, आधीचा घटस्फोट झालेला: बाळाला आडनाव कुणाचं?

रानजाई

भाचीला सातवा महिना लागलाय आणि घरात बारशाच्या आधीच आडनावावरून जुंपली आहे. नावं बदलून लिहिते. मीरा दातांची डॉक्टर, पुण्यात असते. चार वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झाली. त्या लग्नातली मुलगी आठ वर्षांची, वडिलांच्या आडनावाने बर्वे. मीराही कागदोपत्री अजून बर्वेच, कारण तिची नोंदणी, पॅन, बँक, दवाखान्याची पाटी सगळं त्याच नावावर. माहेरची ती साळवी. आता ज्याच्याबरोबर राहते तो बोरावके. लग्न करायचं नाही हे दोघांनी ठरवूनच घेतलंय, त्यावर कृपया मतं नकोत (येणारच, पण सांगून ठेवते).

त्याच्या आईचं म्हणणं, नातवंड बोरावकेच व्हायला हवं. माझ्या बहिणीने, म्हणजे मीराच्या आईने, "मग बर्वेच लावा, दोन्ही भावंडांचं एक होईल" असं सुचवलं, त्यावर सगळे हसले.

माझं मत स्पष्ट आहे. लग्न नसेल तर बाळाला आईचं माहेरचं आडनाव लागावं. कायद्यानेही अविवाहित आईच्या मुलाची पहिली पालक तीच, 1956च्या पालकत्वाच्या कायद्यात तसं लिहिलंय. उद्या हे दोघं वेगळे झाले तर मूल कुणाकडे राहणार, हेही आपल्याला माहीत आहे. शाळा, आधार, पासपोर्ट, लसीकरणाचं कार्ड घेऊन धावणार ती. मग नाव तिचं का नको? वडिलांच्या रकान्यात त्याचं नाव येईलच, ते कुणी नाकारत नाहीये.

घाटावरचा

रानजाई, इथे बाप पळून गेलेला नाही. हजर आहे, खर्च करतोय, नाव द्यायला तयार आहे. अशा माणसाचं आडनाव बाजूला ठेवायचं, का, तर "उद्या वेगळे झाले तर"? जन्माआधीच मोडायची तयारी?

दुसरं म्हणजे, तो बोरावके ओबीसी असेल तर मुलाला जातीचा दाखला बापाच्या बाजूने काढावा लागेल. 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा पुरावा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत्याचं जातवैधता प्रमाणपत्र. या सगळ्यात आडनाव साळवी दिसलं की जात पडताळणी समितीसमोर वंशावळ समजावत बसा. मी माझ्या पुतण्यासाठी हे केलंय. तिथे तर बापाचंच आडनाव होतं, तरी एका कागदावर "के" आणि दुसऱ्यावर "कर" होतं म्हणून त्रुटी काढली.

टवाळ_कार्टा

साळवी हे मीराच्या वडिलांचं आडनाव ना? म्हणजे एका पुरुषाचं काढून दुसऱ्या पुरुषाचं लावायचं. क्रांती चिरायू होवो.

रानजाई

टवाळ, बोरावके हेही त्याच्या वडिलांचंच आहे. पण "ते तुझं नाही, तुझ्या बापाचं आहे" असं त्याला कुणी म्हणत नाही. जन्मापासून मिळालेलं आडनाव पुरुषाचं स्वतःचं होतं, आणि बाईचं मात्र कायम उसनं?

कट्टेकरी

सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घ्यायचे. दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात हे चालत होतं. आपण मागे गेलो.

घाटावरचा

आणि गादी कुणाकडून कुणाकडे जायची, तेही सांगा की. नाशिकच्या लेण्यात आईचं नाव कोरलं म्हणून राज्य लेकीला मिळत नव्हतं.

वकीलीणबाई

आधी एक प्रश्न. चार वर्षांपूर्वी "वेगळी झाली" म्हणजे डिक्री, कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, कधीची? विचारते अशासाठी, की लग्न कायद्याने चालू असताना किंवा ते संपल्यावर 280 दिवसांच्या आत, आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना, मूल झालं तर ते त्या नवऱ्याचंच आहे असं कायदा धरून चालतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 112, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 116. डिक्री हातात नसेल तर आडनावाचा वाद बाजूला ठेवा, मूळ भानगड वेगळीच आहे.

डिक्री जुनी असेल तर ऐका.

आडनाव आईचंच किंवा बापाचंच लावा असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही, आहे ती रूढी. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण बाळाचं नाव तेव्हाच द्यावं लागत नाही. रकाना रिकामा ठेवता येतो, वर्षभरात नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून. त्यामुळे दवाखान्यातून फॉर्म आला म्हणून टाके ओले असताना निर्णय घेऊ नका. मात्र 1 ऑक्टोबर 2023नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा आहे. एकदा छापलेलं बदलणं फार जिकिरीचं.

वडिलांचं नाव घालायचं असेल तर लग्नाचा कागद नसल्याने बहुतेक ठिकाणी दोघांचं प्रतिज्ञापत्र मागतात, तेवढं तयार ठेवा. उलट आईला एकटीचंच नाव द्यायचं असेल तर 2015चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने आहे, अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावाच लागतो.

आता घाटावरचे यांच्या मुद्द्याकडे. जातीच्या दाखल्यासाठी साखळी वडिलांच्या नावावरून लागते, आडनाव वेगळं असल्याने ती तुटत नाही. त्रास होतो, हे मान्य. पण आडनाव लावलं म्हणजे बापाची जबाबदारी किंवा इस्टेट आपोआप आली असं कुणी समजू नका. पोटगी मुलाला आडनावाविनाही मिळते, लग्नाबाहेरच्या मुलालाही. आणि वारसा आडनाव लावूनही अडकू शकतो. हिंदू वारसा कायद्यात लग्नाबाहेरचं मूल आईचं आणि एकमेकांचं नातेवाईक धरलंय, बापाच्या बाजूने मात्र तसं सरळ नाही. दोघं बराच काळ नवरा-बायकोसारखे राहिले असतील तर न्यायालय लग्न झाल्याचं गृहीत धरू शकतं, पण हे दोघं तर "लग्न करायचं नाही" हे सगळ्यांना सांगत फिरताहेत. तेव्हा बोरावके यांना म्हणावं, आडनावावर भांडण्याआधी मृत्युपत्र करा.

रानजाई

डिक्रीला वर्ष उलटून गेलंय. मृत्युपत्राचं मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

प्रभाकाकू

मी शाळेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीच हजेरीपटावर. आडनावाने मूल अडत नाही, मधल्या नावाने अडतं. जूनमध्ये नवे शिक्षक येतात, हजेरी घेताना पूर्ण नाव वाचतात, आणि मधे बाईचं नाव आलं की थांबतात. "अरे, हे आईचं आहे ना? वडिलांचं सांग." सगळ्या वर्गासमोर. चाळीस डोकी वळतात. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण पोर लाल होतं. आता सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम केलाय, तो मला फार आवडला. मंत्रालयातल्या पाट्यांवरही मंत्र्यांच्या आयांची नावं आली. दोन्ही नावं मधे असली की शेवटी साळवी असो की बोरावके, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

तरी माझं मत रानजाईंच्या विरुद्ध आहे. घरात आधीच एक आडनाव मुलीचं, दुसरं बापाचं. त्यात बाळाला तिसरं? एका पाटीवर तीन आडनावं. त्यापेक्षा बाळाला बोरावके लावा, निदान दोघांचं तरी जुळेल. नाहीतर थोरलीचंही साळवी करून घ्या.

वकीलीणबाई

प्रभाकाकू, थोरलीचं इतकं सोपं नाही. तिचे वडील हयात आहेत. 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवायची मुभा दिली, पण तिथे पहिला नवरा वारलेला होता. इथे बर्वे यांची संमती घ्या नाहीतर कोर्टात जा. आणि कोर्टात जपून. मार्च 2025मध्ये औरंगाबाद खंडपीठापुढे एका आईने मुलाच्या जन्मदाखल्यावर फक्त आपलं नाव राहावं अशी मागणी केली होती. न्यायालयाने ती फेटाळली, वर 5 हजार रुपये भरायला लावले. नवरा-बायकोच्या भांडणात मुलाच्या नोंदीवर कुणा एकाचा हक्क नाही, असा त्याचा मथितार्थ.

म्युनिककर

इथे जर्मनीत लग्न नसेल आणि संयुक्त पालकत्वाचं निवेदन दिलेलं नसेल तर मुलाला आपोआप आईचं आडनाव लागतं. 1 मे 2025 पासून दोघांचं जोडून लावायचीही सोय झाली. साळवी-बोरावके करून टाका, कुणीच रुसणार नाही.

घाटावरचा

आणि या साळवी-बोरावकेचं लग्न उद्या एखाद्या देशपांडे-जाधवशी झालं की? पोराच्या नावासाठी फॉर्मला पुरवणी जोडायची का?

शून्य_आडनाव

आडनावच नको. नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, संपलं. जातही कळत नाही. आमच्या घरात दोघांची नावं अशीच आहेत.

टवाळ_कार्टा

आणि फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना लाल होऊन बसतो, त्याचं काय? नोव्हेंबर 2022मध्ये यूएईने पासपोर्टवर नुसतंच एक नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर घेणार नाही म्हणून कळवलं, तेव्हा केवढी पळापळ झाली होती. पोराला पासपोर्टवर काहीतरी शेपूट ठेवा.

शून्य_आडनाव

आम्ही आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव लिहितो. चालतं.

रानजाई

म्हणजे फिरून वडीलच!

अर्धवटराव

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी त्यातलाच मुलगा. आई-वडिलांचं लग्न झालं नव्हतं, वडील गावातच राहायचे, दर रविवारी यायचे, फी भरायचे. आईने मला तिचं आडनाव लावलं आणि मधेही तिचंच नाव. लोक काय म्हणाले याचं मला फारसं काही वाटलं नाही. बँकेत, पासपोर्टला क्वचित प्रश्न आला. पासपोर्टच्या फॉर्मला 2016च्या शेवटापासून आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचं नाव पुरतं, त्यामुळे तेही सोपं झालं.

पण माझी लग्नपत्रिका छापायच्या वेळी छापखान्यातला माणूस म्हणाला, "कै. का श्री.? वडिलांच्या नावाआधी काय घालू?" वडील माझ्या शेजारी उभे होते. त्याला वाटलं, मुलीकडचे कुणी पाहुणे असतील. वडील हसले, आणि "आईचंच नाव घाला" म्हणून बाहेर चहा प्यायला गेले. आईने नाव द्यायला माझी ना नाही. पण रानजाई, तुमच्या पोस्टमध्ये "उद्या वेगळे झाले तर" हे कारण वाचलं आणि अंगावर काटा आला. आमच्याकडेही तेच कारण होतं. ते दोघं कधीच वेगळे झाले नाहीत.

घाटावरचा

अर्धवटराव, हेच मी वर म्हणत होतो, मला तुमच्यासारखं सांगता आलं नाही.

रानजाई

अर्धवटराव, पत्रिकेचा प्रसंग मीराला वाचून दाखवला. खरं तर सगळा धागाच तिने वाचला आणि मलाच फैलावर घेतलं. "मावशी, तू आईचं आडनाव आईचं आडनाव करतेस, पण माझं आडनाव साळवी नाहीये. गेली बारा वर्षं मी डॉक्टर बर्वे आहे. पेशंट मला बर्वे म्हणून ओळखतात, माझी मुलगी बर्वे आहे. ते त्याच्याकडून आलं असेल, पण पाटी मी कमावलीय. आईचं लावायचं तर बर्वे लावा." आई म्हणाली तेव्हा हसलो होतो, आता पोरगी गंभीरपणे म्हणतेय. बोरावके "मला चालेल, मधे माझं नाव आहे ना" म्हणतो. त्याच्या आईने दोन दिवस फोन उचललेला नाही.

घाटावरचा

एक मिनिट. या माणसाचं बाळ, आणि त्याला आडनाव बाईच्या आधीच्या नवऱ्याचं? आणि याला चालेल? अहो, त्या मूळच्या बर्व्यांना विचारलंत का?

वकीलीणबाई

विचारायची कायद्याने गरज नाही. पण एक पत्र पाठवून कळवलेलं बरं. नाहीतर उद्या थोरलीच्या भेटीच्या तारखेला ते कोर्टात हाच दाखला घेऊन उभे राहतील. आणि रानजाई, मृत्युपत्राचं काय झालं?